फ्युएल फिल्टर घरी बदलू का? गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

पाऊस सुरू झाल्यापासून आलेल्या पत्रांत फ्युएल फिल्टरचेच, म्हणजे डिझेल-पेट्रोल गाळणाऱ्या डबीचेच, प्रश्न इतके आहेत की हे सगळं सदर यावेळी त्यालाच दिलंय. व्हिडिओ बघून बरेच जण पाना हातात घ्यायला तयार आहेत, आणि मला ते आवडतं, आपल्या गाडीला आपला हात लागलेला चांगलाच. फक्त डिझेल आणि पेट्रोल, जुनी गाडी आणि नवी गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून एकाला दिलेलं उत्तर दुसऱ्याने आपल्या गाडीला लावू नये.

प्रश्न : माझी २०१४ ची स्विफ्ट डिझेल, एक लाख दहा हजार किमी झालेत. चिपळूणहून परत येताना कुंभार्ली घाटात गाडी ओढतच नाही, मध्येच झटके मारते, सपाटीला मात्र ठीक चालते. सकाळी सेल्फ पण जास्त मारावा लागतो. गॅरेजवाले म्हणाले फिल्टर चोक असेल. इंजिन ऑइल, एअर फिल्टर मी घरीच बदलतो, तर हा पण घरी बदलू का?
(एक वाचक, कराड)

उत्तर : बदला दादा, तुमच्या गाडीत हे काम घरी होण्यासारखं आहे. पण पाना लावायच्या आधी दोन मिनिटं विचार करू, कारण घाटात न ओढण्याची मुख्य कारणं चार आहेत आणि फिल्टर त्यातलं एक.

चढाला इंजिनाला डिझेल जास्त लागतं आणि फिल्टरचा कागद घाणीने भरलेला असला की तेवढं डिझेल त्यातून जातच नाही, सपाटीला कमी लागतं म्हणून तिथे कळत नाही. आता हीच तक्रार एअर फिल्टर भरला, टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) रबरी पाइप चिरला किंवा ईजीआर व्हॉल्व (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) अडकला तरी येते. ओळखायचं कसं, तर मागे कुणाला तरी गाडी घेऊन यायला सांगा आणि चढाला जोर दिल्यावर धूर कसा येतो ते बघायला सांगा. भकाभक काळा धूर येत असेल तर हवा कमी पडतेय, मग एअर फिल्टर आणि टर्बोचे पाइप आधी बघा. धूर नाही आणि ओढही नाही, तर डिझेल कमी पडतंय असं समजायला हरकत नाही. शंभर टक्के नाही हे, पण चुकीचा पार्ट विकत घेण्यापासून बऱ्याचदा वाचवतं. आणि सर्व्हिसची जुनी बिलं काढून शेवटचा फिल्टर कधी बदलला ते बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांना २० ते ४० हजार किमीच्या मध्ये कुठेतरी बदलायला सांगितलेलं असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे. बिलात तो दिसतच नसेल तर आता बदलूनच टाका.

तुमचं इंजिन म्हणजे फियाटचं १२४८ सीसीचं मल्टिजेट, २०२० मध्ये बीएस६ हे धुराचे कडक नियम आले तेव्हा मारुतीने ते बंद केलं पण अजून रस्त्यावर भरपूर आहेत. हे कॉमन रेल इंजिन आहे, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे डिझेल हजार-दीड हजार बारच्या प्रेशरने जातं. गाडीच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज येईल. एवढ्या प्रेशरला इंजेक्टरची छिद्रं अगदी बारीक आणि आतल्या फटी तर केसापेक्षा कितीतरी बारीक ठेवाव्या लागतात आणि धुळीचा डोळ्याला न दिसणारा कण पण तिथे ओरखडा काढतो. म्हणून या कामात ताकद लागत नाही, स्वच्छता लागते. पाना कुठलाही चालेल, फडकं मात्र धुतलेलं, सूत न सुटणारं घ्या, गॅरेजमधलं तेलकट कॉटन वेस्ट नको.

आता काम. गाडी सकाळी थंड असताना घ्या, मोकळ्या जागेत, हँडब्रेक लावून. बॉनेट उघडून मागच्या बाजूला फिल्टरची डबी दिसेल, तिला पाइप आणि वायरचे सॉकेट लावलेले असतील. पहिलं काम म्हणजे मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा, कुठला पाइप कुठे होता हे नंतर आठवत नाही. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. त्यानंतर फिल्टरच्या आजूबाजूची धूळ आधी ब्रशने, मग फडक्याने पूर्ण साफ करा, पाइप काढल्यावर नाही, काढायच्या आधी. इथे घाई केली की वरची माती सरळ लाइनीत जाते आणि नवीन फिल्टरच्या पुढच्या बाजूला गेली तर तिला अडवायला मग कुणी नाही.

खाली जुनी फडकी अंथरा, शक्य असेल तर एक पसरट डबा ठेवा. डिझेल रबराला चांगलं नाही, बेल्टवर आणि होजवर सांडू देऊ नका, आणि इंजिन गरम असताना सायलेन्सरच्या बाजूला सांडलं तर धूर आणि पुढे आग पण लागू शकते, म्हणून थंड इंजिन. वायरचे सॉकेट लॉक दाबून काढा. पाइपचे क्विक कनेक्टर दोन्ही बाजूंची कळ दाबून सरळ ओढायचे, निघत नसेल तर थोडं आत ढकला, कळ दाबा, मग ओढा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, ते प्लास्टिक जुनं झालं की कटकन तुटतं आणि मग अख्खा पाइप घ्यावा लागतो. काढलेल्या पाइपच्या तोंडाला लगेच स्वच्छ प्लास्टिक पिशवीचा तुकडा आणि रबर बँड लावा.

जुन्या फिल्टरच्या खाली पाण्याचा सेन्सर असेल तर तो काढून नव्याला लावायचा, त्याची ओरिंग (रबरी रिंग) मात्र नवीनच. ओरिंगला स्वच्छ डिझेलचं बोट लावा म्हणजे ती पीळ न खाता बसते. नवीन फिल्टरवर बाण असतो, तो इंजिनाकडे. पाइप टक् असा आवाज येईपर्यंत दाबा आणि मग हलकं ओढून बघा सुटत नाही ना.

बरेच जण विचारतात नवीन फिल्टर आधी डिझेलने भरायचा का. कॉमन रेलमध्ये मी नाही म्हणेन. बाटलीतून ओतलेलं डिझेल गाळलेलं नसतं आणि ते चुकून बाहेरच्या तोंडातून ओतलं तर सरळ पंपात जातं. त्यापेक्षा बॅटरी जोडा, चावी फक्त ऑनवर फिरवा, सेल्फ मारू नका, दहा सेकंद थांबा, ऑफ करा, परत ऑन, असं पाच-सहा वेळा. टाकीतला इलेक्ट्रिक पंप लाइन भरून घेतो आणि हवा परत टाकीत जाते. तुमच्या लाइनीत किंवा फिल्टरवर हातपंप असेल तर तो कडक लागेपर्यंत दाबा. मग सेल्फ मारा, पण एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही आणि मध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं, नाहीतर सेल्फची मोटर जळते. पहिल्या मिनिटात इंजिन थोडं अडखळेल, ते चालतं. चालू ठेवून टॉर्चने प्रत्येक जोड बघा, ओल दिसली तर लगेच बंद. आसपास एक चक्कर मारून आलात की परत बघा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी चालू होत नाही म्हणून इंजेक्टरच्या लोखंडी पाइपचे नट ढिले करून एअर काढायची जी जुनी पद्धत आहे ती इथे करायची नाही, अजिबात नाही. ती पद्धत जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांची. कॉमन रेलमध्ये त्या पाइपमधून सुटलेली डिझेलची धार कातडीत सुईसारखी घुसते, बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत बोट सडायला लागतं. असं कधी कुणाला झालंच तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला जायचं आणि डिझेल प्रेशरने आत गेलंय असं स्पष्ट सांगायचं. गळती शोधायला इंजिन चालू असताना बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

एक शेवटचं. जुना फिल्टर टाकून देऊ नका. त्यातलं डिझेल ज्या तोंडातून आत येतं त्याच तोंडातून काचेच्या बरणीत ओता आणि रात्रभर ठेवा. सकाळी खाली पाण्याचा थर आहे का, काळे कण आहेत का, तांबूस गंजासारखं काही आहे का ते बघा. तुमच्या टाकीत काय चाललंय हे सांगणारा एवढा स्वस्त रिपोर्ट दुसरा नाही. बरणी स्वच्छ असेल आणि घाटातली तक्रार पण तशीच राहिली, तर फिल्टरचा काही संबंध नव्हता, टर्बो आणि ईजीआर दाखवा.

प्रश्न : माझी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. स्वतः फिल्टर बदलल्याचे व्हिडिओ बघितले पण माझ्या गाडीत बॉनेटखाली फिल्टर सापडतच नाही. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये पार्किंग आहे, तिथे लाइट चांगला आहे, तिथेच केलं तर चालेल का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताई, सापडत नाहीये कारण तो तिथे नाहीच. आताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत फिल्टर टाकीच्या आत, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्याच मॉड्यूलमध्ये असतो, मागची सीट उचलून झाकण काढलं की वरून दिसतो किंवा टाकीच खाली उतरवावी लागते. तुम्ही बघितलेला व्हिडिओ डिझेलचा असेल नाहीतर जुन्या गाडीचा, ज्यात टाकीजवळ गाडीखाली लोखंडी डबी असायची.

हे काम घरी करू नका असं मी अगदी मनापासून सांगतोय. टाकी उघडली की पेट्रोलची वाफ गाडीच्या आतच भरते. पेट्रोल उणे ४० अंशाच्या आसपास पण पेटण्याइतकी वाफ सोडतं, आपल्याकडच्या उन्हात तर विचारायलाच नको. आणि ही वाफ हवेपेक्षा जड असते, वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत खालच्या जागी साचते. बेसमेंट म्हणजे त्यासाठी सगळ्यात वाईट जागा. तिथे पाण्याच्या पंपाचा स्विच, लिफ्टची मोटर, कुणाची तरी स्कूटर चालू होणं, यातली एक ठिणगी पुरते. लाइट चांगला आहे हा त्यात काही फायदा नाही. वर चार मजले माणसं राहतात तिथे पेट्रोलची लाइन उघडायची नाही.

आणि खरं तर तुम्हाला गरज तरी आहे का? टाकीतल्या अशा फिल्टरला बऱ्याच कंपन्या बदलायचा ठराविक किमी देतच नाहीत. गाडी व्यवस्थित चालत असेल तर हात लावू नका. झटके मारत असेल तर गॅरेजमध्ये फ्युएल प्रेशर गेजने मोजायला सांगा, साध्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनात ते साधारण ३ ते ४ बार मिळतं, तुमच्या मॉडेलचा आकडा त्यांच्याकडे असेल. प्रेशर बरोबर असेल तर प्लग आणि कॉइल बघायचे, पंप उघडायचाच नाही. मोजल्याशिवाय कुणी मॉड्यूल बदला म्हणालं तर सरळ नाही म्हणा, तो पार्ट महाग येतो.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, काटा लाल पट्टीत जाईपर्यंत गाडी पळवू नका. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडालेला राहूनच गार राहतो, पाव टाकी असतानाच भरायची सवय लावली तर पंप जास्त टिकतो.

प्रश्न : आमची बोलेरो आहे आणि ट्रॅक्टर पण. डिझेलचे बॅरल शेतावर भरून ठेवतो आणि तिथूनच दोन्हीत टाकतो. बोलेरोचा फिल्टर दर तीन-चार महिन्यांनी चोक होतोय. फिल्टर मी स्वतःच बदलतो, सोपं आहे, पण इतक्या लवकर का भरतोय?
(एक शेतकरी वाचक, जालना)

उत्तर : भाऊ, फिल्टर त्याचं काम करतोय, दुखणं बॅरलमध्ये आहे. कराडच्या वाचकांना सांगितलं तसं फिल्टरमधलं डिझेल बरणीत ओतून रात्रभर ठेवून बघा, माझी खात्री आहे खाली पाणी आणि तांबूस गाळ दिसेल.

उघड्यावर ठेवलेल्या लोखंडी बॅरलमध्ये दिवसा हवा तापते, रात्री गार होते, आतल्या मोकळ्या जागेत दव धरतं आणि ते पाणी तळाला बसतं. बॅरल उभा ठेवला आणि वर पावसाचं पाणी साचलं तर बुचाच्या आट्यातून पण आत जातं. तळाच्या पाण्याने लोखंड गंजतं आणि जिथे पाणी आणि डिझेल एकमेकांना टेकतं तिथे बारीक जीव वाढतात, शेवाळासारखा काळपट बुळबुळीत थर होतो, तो फिल्टरच्या कागदावर चिकटला की संपलं. म्हणजे महिना-दोन महिने पडून राहिलेलं अर्धं बॅरल हे सगळ्यात वाईट.

बॅरल शेडमध्ये सावलीत घ्या, भरून ठेवा, आणि थोडं तिरकं ठेवा म्हणजे गाळ-पाणी एका कोपऱ्यात जातं. डिझेल आणलं की एक दिवस तरी हलवू नका. हातपंपाची नळी तळाला टेकवू नका, वितभर वर ठेवा. तळाचं डिझेल वर्षातून एकदा काढून टाकायचं, ते बोलेरोत तर नाहीच आणि ट्रॅक्टरमध्ये पण नको, हल्लीचे ट्रॅक्टर पण कॉमन रेलचे यायला लागलेत. नरसाळ्यात साडीचा तुकडा लावतात तो मोठा कचरा अडवतो, पाणी नाही अडवत, त्यावर विसंबू नका. शक्य असेल तर बोलेरोत पेट्रोल पंपावरूनच डिझेल भरा, बॅरल शेतीच्या कामाला ठेवा.

आणि फिल्टरच्या तळाला पाणी सोडायची चकती किंवा कॉक असतो, तो इंजिन बंद असताना, खाली कप धरून, दोन आठवड्यांतून एकदा उघडा. आधी पाणी येईल, मग स्वच्छ डिझेल दिसलं की बंद करा आणि हातपंप मारून मग चालू करा. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा असेल आणि तो लागला असेल तर तेव्हा मात्र आठवड्याची वाट बघू नका, तिथेच थांबून काढा.

प्रश्न : कृष्णेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं आणि आमची डिझेल गाडी सीटपर्यंत बुडाली. आता पाणी ओसरलंय. मित्र म्हणतो फिल्टरचं पाणी काढून नवीन टाकला की चालू होईल. करू का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : चावी फिरवू नका. सेल्फ तर लांब, ऑन पण करू नका.

सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय, तुम्हाला वेगळं सांगायला नको किती गाड्या पाण्यातून वाचल्या आणि नंतर चालू करून बघताना गेल्या. सीटपर्यंत पाणी म्हणजे एअर इनटेकमधून इंजिनात पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, सेल्फ मारला की पिस्टनला जागा मिळत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय बुडालेली गाडी चालू करून इंजिन गेलं तर इन्शुरन्सवाले त्यावर वाद घालतात, इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर जास्तच.

बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाण्याची खूण जिथपर्यंत आहे तिथपासून सगळे फोटो काढा, इन्शुरन्सला कळवा आणि गाडी गॅरेजला न्या, चारही चाकं ट्रकवर चढवून. तिथे आधी टाकी पूर्ण खाली करून धुवावी लागेल कारण टाकीला हवा जायची नळी असते, त्यातून आणि झाकणातून पुराचं गढूळ पाणी आत गेलेलं असतं, मग लाइन, आणि फिल्टर सगळ्यात शेवटी. आधी नवीन फिल्टर टाकलात तर पाच मिनिटांत तो चिखलाने भरेल. मित्राचा हेतू चांगला आहे, पण फिल्टर थेंबभर पाणी अडवायला बनवलाय, पुराचं नाही.

प्रश्न : फिल्टर पेट्रोलने धुऊन, पंक्चरवाल्याकडे उलटी हवा मारून परत लावला तर? वडील असंच करायचे.
(एक वाचक, नांदेड)

उत्तर : नको. जाळीचा फिल्टर असायचा तेव्हा ते ठीक होतं. आता आत घड्या घातलेला कागद असतो. उलटी हवा मारली की कागदाला न दिसणारी चीर जाते आणि सुटलेली घाण स्वच्छ बाजूला येऊन बसते. फिल्टर साधारण काही शे ते दोन-अडीच हजार रुपयांचा, आणि कॉमन रेलचा एक इंजेक्टर सहज पाच आकडी जातो, असे चार असतात.

प्रश्न : २०११ ची पेट्रोल गाडी आहे. ई२० पेट्रोल आल्यापासून गाडी मिसिंग करते, मेकॅनिकने फिल्टर बदलला तर आत तपकिरी चिकट घाण होती. ई२० फिल्टर खातंय का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त ही घाण ई२० ने आणलेली नाही, ती आधीपासून टाकीत होती. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉल चांगलं विरघळवतं, दहा-बारा वर्षांत टाकीच्या भिंतीला आणि लाइनीला जो चिकट थर बसलेला असतो तो सुटतो आणि फिल्टरमध्ये येऊन अडकतो. म्हणून जुन्या गाडीत सुरुवातीला एखादा फिल्टर लवकर जाणं हे होऊ शकतं. दुसरा फिल्टर पण तसाच लवकर भरला तर टाकी साफ करून घ्या.

मला जास्त काळजी रबराची वाटते. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे पाइप, सील ई२० ला टिकतील असे असतात, तुमची गाडी त्याच्या खूप आधीची आहे. इंजिन बेमधले पेट्रोलचे रबरी पाइप दाबून बघा, मऊ-फुगलेले किंवा वरून बारीक भेगा पडलेले असतील तर फिल्टरच्या आधी ते बदला. पेट्रोलचा वास येत असेल तर त्याच दिवशी.

पावसाळ्यात अजून एक. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं, पण जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन वेगळं पडतं आणि तळाला बसतं, नेमकं जिथून पंप ओढतो तिथे. म्हणून गाडी महिनोन्महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका आणि टाकीच्या झाकणाची रबरी रिंग तपासा. पेट्रोल पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर टेस्ट मागा, तो ग्राहकाचा हक्क आहे, नोझलमधला एक थेंब पेपरवर टाकायचा आणि तो दोनेक मिनिटांत डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. या टेस्टमध्ये रॉकेल-तेलाची भेसळ कळते, पाणी कळत नाही, त्यामुळे भरल्यानंतर लगेच गाडी अडखळली तर पावती जपून ठेवा आणि टाकीतला नमुना मेकॅनिकसमोर बरणीत काढून घ्या.

प्रश्न : ऑनलाइन फिल्टर निम्म्या किमतीत मिळतोय, घ्यावा का?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : निम्म्या किमतीत कंपनीचा फिल्टर मिळत नाही. फिल्टरमध्ये डुप्लिकेट माल खूप आहे, डबी हुबेहूब असते, आतला कागद हलका असतो. जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर लिहून घ्या आणि गाडीच्या शोरूमच्या पार्ट काउंटरवरून किंवा नाना पेठेतल्या ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. बॉश, मान, माहले, प्युरोलेटर यांचेही चालतात, नंबर जुळला पाहिजे एवढंच. गाडी वॉरंटीत असेल तर मात्र स्वतः बदलू नका, पुढे इंजेक्टरचं काही झालं तर तुमच्याकडे बोट दाखवतील.

प्रश्न : आमची कंपनी फिटेड सीएनजी गाडी आहे, तिचा गॅस फिल्टर मी बदलू शकतो का?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : नाही. सिलिंडरमध्ये २०० बारने गॅस भरलेला असतो, त्या लाइनीला अधिकृत माणसाशिवाय कुणाचाही हात लागता कामा नये. तुमच्याकडून पेट्रोलकडे दुर्लक्ष होत असेल ते बघा, रोज थोडा वेळ गाडी पेट्रोलवर चालवा, महिनोन्महिने तेच पेट्रोल टाकीत पडलं की त्याचाच गाळ होतो.

प्रश्न : आप्पांची १९९६ ची मारुती ८०० आम्ही अजून चालवतो, कार्ब्युरेटरची. तिचा छोटा प्लास्टिकचा पेट्रोल फिल्टर आतून तपकिरी झालाय. हा तरी घरी बदलता येईल ना? आणि जुना फिल्टर कुठे टाकायचा?
(एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हो, हा येईल, कार्ब्युरेटरच्या गाडीत लाइनीला प्रेशर अगदी कमी असतं. पण पेट्रोल ते पेट्रोलच, ठाण्याच्या ताईंना वाफेबद्दल जे सांगितलं ते इथेही तसंच. अंगणात करा, दिवसा करा, दिवेलागणीच्या आत संपवा. तुळशीपुढे दिवा लागलेला असेल, मागच्या दारी चूल किंवा पाणी तापवायचा बंब पेटलेला असेल तर काम सुरूच करायचं नाही. आजूबाजूला बिडी-सिगारेट नाही, लहान मुलं नाहीत. पावडरचा अग्निशामक सिलिंडर हाताशी असू द्या, पाण्याची बादली नाही, पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि आग पसरते.

इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, टाकीचं झाकण एकदा उघडून परत लावलेलं, म्हणजे आत दाब राहत नाही. टाकीकडून येणारा रबरी पाइप फडकं गुंडाळून पकडीने हलका चिमटीत धरा नाहीतर पेट्रोल गळत राहील. क्लिप मागे सरकवा, पाइप ओढायचा नाही, आधी जागच्या जागी थोडा पिरगाळायचा मग काढायचा. नवीन फिल्टरवरचा बाण कार्ब्युरेटरकडे. क्लिपा नव्या घ्या, स्वस्त असतात. पाइप कडक झाला असेल तर तोही बदला आणि दुकानात फ्युएल होज म्हणूनच मागा, पाण्याचा किंवा एसीचा पाइप पेट्रोलसाठी बनवलेला नसतो. सगळं लागल्यावर सांडलेलं पुसून पंधरा-वीस मिनिटं बॉनेट उघडं ठेवा, वास पूर्ण गेला की मगच बॅटरी जोडा आणि सेल्फ मारा. मेकॅनिकल पंप असल्यामुळे कार्ब्युरेटर भरेपर्यंत दोन-तीन वेळा मारावा लागेल.

जुना फिल्टर उघड्यावर कपात उलटा ठेवून पूर्ण निथळू द्या. निथळलेलं पेट्रोल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. फिल्टर, पेट्रोल लागलेली फडकी आणि तो डबा, तिन्ही जवळच्या गॅरेजमध्ये द्या, त्यांचं जुनं ऑइल नेणारा माणूस येतो त्याच्याकडे ते जातं. घंटागाडीत टाकू नका आणि जाळू तर नकाच, आणि तोवर हे सगळं घराबाहेर सावलीत ठेवा.